मालनचा चौक

झोप येण्याआधी खोलीतल्या वस्तू एकेक करून आपली नावं खाली ठेवतात. पंख्याची नुसती घरघर उरते. खिडकीच्या गजांच्या उभ्या सावल्या होतात, आणि खिळ्याला अडकवलेली जर्सी म्हणजे कुणीतरी पाठमोरं, हात खाली सोडून उभं असलेलं.

एकादशीची दुपार आहे. मेसमधली साबुदाण्याची खिचडी पोटात जड होऊन बसली आहे. सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, उत्कर्षा मगदूम लोखंडी खाटेवर कुशीला वळून तीन वाक्यं जुळवते आहे. ती जुळत नाहीत. तिची उजवी मूठ उशीखाली घट्ट मिटलेली आहे. हल्ली ती झोपेतही उघडत नाही.

खोलीत तीन खाटा आहेत. एक हिची. दुसरी करिष्माची; ती मागच्या नळावर कपडे धुते आहे, आणि तिच्या धोपटण्याचा ठोका भिंतीतून येतो आहे. तिसऱ्या खाटेवर गादीची वळकटी करून भिंतीशी लावलेली आहे. ती खाट मालन ऐवळेची. पावसाळा सरता सरता मालन गेली, तेव्हापासून त्या वळकटीला कुणी हात लावलेला नाही. झाडतानासुद्धा केरसुणी खाटेच्या पायांना वळसा घालून जाते.

तीन वाक्यं जुळवायची ती वग्याणी मॅडमसाठी. खो-खोच्या संघाच्या या मॅडमची एक जुनी पद्धत आहे. विद्यापीठाच्या निवडीआधी एका संध्याकाळी त्या सगळ्यांना मैदानात आपापल्या चौकांत बसवतात. खेळताना बसतात तसंच, एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. मग प्रत्येकीने बसल्या जागेवरून समोरच्या मोकळ्या मैदानाला सांगायचं: माझं बळ काय, माझी उणीव काय, आणि काहीही झालं तरी मी सोडणार नाही अशी गोष्ट कोणती. कुणी कुणाकडे पाहायचं नाही. मॅडमचं म्हणणं असं की माणूस तोंडाकडे बघून बोलला की तोंडदेखलं बोलतो.

गेल्या वर्षी मालन म्हणाली होती, "बळ म्हंजे सूर. उणीव, तीच." खांबाशी सूर मारायचा तिचा सोस सगळ्यांना ठाऊक होता, गरज असो वा नसो, गडी हातभर पुढे दिसला की ही हवेत. "आणि काय बी झालं तरी सोडणार न्हाई ते रातचं जेवण." सगळी ओळ हसून हलली होती. मॅडमनी हसू लपवायला शिट्टी तोंडात धरली आणि ती चुकून वाजली होती.

यंदा मालनच्या चौकात करिष्मा बसते. आणि त्या चौकाला उत्कर्षा खो देत नाही. तिने तसं ठरवलेलं नाही. ती भरधाव येते, समोर ती पाठ येते, हात वर जातो, आणि ऐन वेळी बोटं आत वळतात. मूठ मिटते, पावलं पुढे निघून जातात, गडी हुलकावणी देऊन पलीकडे. आधी संघाने समजून घेतलं. मग चालवून घेतलं. आता कुणी काही बोलत नाही, आणि ते सर्वांत वाईट. काल मॅडम एवढंच म्हणाल्या, "मगदूम, तू पळतेस छान. पण नुसती पळतेस. उद्या तुझं बोलणं ऐकते, मग तुझं नाव पाठवायचं का नाही ते बघू."

तीन वाक्यं जुळत नसली तरी चौथं एक तिच्यापाशी तयार आहे: मॅडम, माझं नाव काढा. मनातल्या मनात इतक्यांदा म्हणून ते आता नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं आहे. जिभेवर ठेवलं की आपण होऊन सरकतं. संध्याकाळी ते सरकू द्यायचं आणि खेळ संपवायचा, एवढंच उरलं आहे.

नळावरचं धोपटणं लांब जातं. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं. त्या अंतरात उत्कर्षा पाय ठेवते.

"दुपारचं झोपत्यात व्हय गं, मगदूम? म्हातारी झालीस का काय?"

दोन खाटांच्या मधल्या फरशीवर मालन बसलेली आहे. चौकात बसतात तशी: तळवे जमिनीला टेकलेले, टाचा उचललेल्या, अंग ताणलेलं, कुठल्याही क्षणी सुटेल असं. पाठ उत्कर्षाकडे. तेल चोपडून घातलेली वेणी जर्सीच्या आत खोचलेली. दोन खांद्यांच्या मधोमध तोच जुना पिवळा डाग. सूर मारून खांदा सोलला की मालनची आई हळद-तेलाचा लेप थापायची, आणि तो जर्सीला पुसला जायचा. मालन मैदानभर सांगत फिरायची, "माझी हळद रोजच लागती, नवरा तेवढा बाकी हाय."

उत्कर्षाला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य ही जागेपणातली चैन आहे.

"कधी आलीस?"

"आले कुठं? हितंच हाय."

"इकडं बघ की जरा."

"बसलेल्यानं मागं वळून बघायचं नसतं. मॅडम शिट्टी वाजवतील."

"मॅडम नाहीत इथं."

"शिट्टी हाय."

आणि खरोखरच कुठेतरी शिट्टी वाजते, पाण्याखालून वाजावी तशी.

फरशीच्या सांध्यांतून पांढरी फक्की वर येते. सांधे लांबतात, सरळ होतात, भिंतीखालून बाहेर निघून जातात. पायाखाली तांबडा मुरूम आहे, खाटेचा पाय उंच होऊन खांब झाला आहे, आणि उत्कर्षा पळते आहे. पुढे कुणी गडी आहे की नाही, ते दिसत नाही. नुसती धूळ दिसते, नुकतंच कुणी तिथून गेल्यासारखी. तिच्या बाजूने एक चेहरा, एक पाठ, एक चेहरा, एक पाठ अशी ओळ सरकत राहते. ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना खो देता येत नाही. ज्यांना द्यायचा, त्यांची फक्त पाठ दिसते. शाळेपासून ती हा खेळ खेळते आहे, आणि ही गोष्ट आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात येते.

एक चेहरा करिष्माचा आहे. तिच्या कोपरांपर्यंत साबणाचा फेस आहे आणि ती खाली मान घालून बसली आहे. पुढचा चेहरा मालनच्या आईचा. तिने मांडीवर सूप घेतलं आहे आणि ती हळकुंडं निवडते आहे.

पावलांचा धडधडाट थांबत नाही, फक्त तो आता पावलांचा राहिलेला नाही. मार्केट यार्डातल्या शेडमध्ये पॉलिशचा लोखंडी ढोल फिरतो आहे. आत हळकुंडं एकमेकांवर आदळतात, साल झडते, आणि झडलेली साल धूळ होऊन सगळीकडे बसते. डोक्याला फडकी बांधलेल्या बायांच्या भुवया पिवळ्या आहेत. पत्र्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा पिवळा आहे. रविवारी मालन इथे आईच्या हाताखाली यायची, आणि सोमवारी तिच्या शेजारी बसलं की नाकात हळद जायची.

"बस गं बाई. तुझा बी हात पिवळा झाला का?" मालनची आई तिचा हात ओढून घेते आणि साबणाची वडी घासू लागते. "जातंय, जातंय. जरा घासाय लागतंय."

"काकू, हा माझा हात नाही."

खरंच तो तिचा नाही. नखं कुरतडलेली आहेत, कोपराला जुनी खपली आहे. काकू घासत राहतात. फेस पिवळा होतो, खाली गळतो, हात तसाच.

"आमच्यात समद्यांचंच पिवळं," त्या म्हणतात. हवापाण्याचं बोलावं तितक्या सहज म्हणतात. "बोटं पिवळी, नखं पिवळी, कपाळ पिवळं. म्हटलं, हिचं बी तेच."

कावीळ त्या घरात आली तेव्हा तिला लपायला जागा शोधावी लागली नाही. मालनचे तळवे पिवळे दिसले, तर ते नेहमीच पिवळे असायचे. मानेवर पिवळटपणा चढला, तेव्हा रविवारी घरी आल्यावर आईने तिला न्हाणीत बसवून खसाखसा घासलं. मैदानावर कुणीतरी म्हणालं, आज काय हळदीत लोळून आलीस. आणि मालनच सगळ्यांत मोठ्याने हसली. तिला मळमळलं, ते उन्हाने. ती डाव अर्धा सोडून मैदानाच्या कडेला आडवी झाली, ते जागरणाने. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, तेव्हा सगळ्यांना पहिल्यांदा असं पिवळं दिसलं ज्याला साबणाशी काही देणंघेणं नव्हतं. तोवर फार उशीर झाला होता. यात कुणाचा दोष काढायचा? ज्या घरात सगळेच त्या रंगाचे, तिथे तो रंग वेगळा कोण ओळखणार?

ढोल थांबतो. थांबल्यावर जी शांतता होते ती दवाखान्यातली आहे.

भिंतीवर मालनचा फोटो आहे, हार घातलेला. दहावीच्या ओळखपत्रासाठी काढलेला, फार मोठा केलेला, म्हणून विरघळल्यासारखा. त्यात ती नाही. उत्कर्षा फोटोकडे पाहते आणि तिला कळतं की तिला मालनचा चेहरा आठवत नाही. वेणी आठवते, डाग आठवतो, हसताना खांदे हलायचे ते आठवतात. खेळात तिने तिची पाठच जास्त पाहिली. चेहऱ्याच्या जागी हातात काही येत नाही.

"काकू, मला तिला बघायचंय."

"मग खाली उतर. पण एकदम नको उतरू, आधी कंदील सोडू."

दोघी हरिपूरच्या बाजूला एका पेवाच्या तोंडाशी उभ्या आहेत. जुन्या काळी हळद जमिनीखालच्या या पेवांमध्ये साठवत. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र घराएवढं. मालनचा आजा त्यांत उतरायचा. मालन सांगायची, आत कोंडलेली हवा विषारी असते, म्हणून आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा; ज्योत विझली तर माणसाने उतरायचं नाही. काकू दोरी सोडतात. उजेड खाली जातो, लहान होतो, आणखी लहान होतो, मोहरीएवढा होतो. मग विझतो.

"विझला," उत्कर्षा म्हणते.

"ये की," खालून मालनचा आवाज येतो. "हितं विझलेल्यांचंच चालतंय."

काकूंनी दोरी गुंडाळायला घेतली आहे, आणि ती गुंडाळताना त्यांचे हात थांबत नाहीत, शेडमध्ये थांबत नव्हते तसेच. उत्कर्षा तोंडाशी बसते आणि पाय आत सोडते. भिंत कोमट आहे. हळदीचा वास इतका दाट आहे की तो हाताने धरून उतरता येतं.

तळाशी मैदान आहे. वर छत नाही, आभाळही नाही. मुरमावर फक्कीने आखलेला एकच चौक आहे, आणि त्यात मालन बसलेली आहे, तळवे टेकून, टाचा उचलून, पाठमोरी.

"किती वेळ बसलीयस अशी?"

"तूच सांग. बसून बसून पाय मेले माझे." मालन स्वतःच हसते, खांदे हलतात. "बघ, काय बोलून गेले."

"उठ मग."

"कशी उठू? खो कुठं दिलाय कुणी?"

उत्कर्षाच्या छातीत काहीतरी सावकाश बसतं, गढूळ पाण्यात माती बसते तसं. इतके दिवस तिला वाटत होतं, त्या चौकात करिष्मा बसते.

"संध्याकाळी काय सांगणार मॅडमना?" मालन विचारते.

"नाव काढा म्हणणार."

"ते झालं गं. बळ काय सांगशील?"

"पळणं."

"ते बैलाला बी येतंय. म्होरं. उणीव?"

"तू सांग."

"मी सांगू? रुसशील."

"सांग तू."

मालनच्या बोटांखालचा मुरूम किंचित सरकतो. "तुला वाटतंय, आपण पळत ऱ्हायलो तर काय संपत न्हाई. गडी आपलाच, डाव आपलाच. आपण फकस्त थोडा येळ त्याच्या मागं असतो, मगदूम. मग दुसरं कुणीतरी असतंय." आणि जरा थांबून, "शिवाय घोरतीस. ते नको सांगू मॅडमना."

उत्कर्षाला हसू येतं. ते ओठांपर्यंत येतं आणि तिथेच भिजतं.

"आणि सोडणार न्हाईस ते काय?"

याचं उत्तर जुळवायला तिला दुपारभर शब्द सापडले नव्हते. आता ते एका शब्दात येतं. "तुला."

खालच्या त्या मैदानात वारा नाही. तरी फक्कीची कड जरा उडते.

"बरं," मालन म्हणते. आवाजात राग नाही, आणि तेच ऐकवत नाही. "मग मी हितंच बसायचं?"

किती वेळ जातो ते कळत नाही. अशा जागी वेळ जात नसावा, नुसता साचत असावा. उत्कर्षा त्या पाठीमागे उभी राहते. जर्सीची शिवण खांद्याशी उसवलेली आहे. ती तिनेच एकदा चुकीच्या रंगाच्या दोऱ्याने शिवून दिली होती, आणि मालनने ती हौसेने सगळ्यांना दाखवली होती. हिरवा दोरा अजून आहे.

"एकदा वळ," उत्कर्षा म्हणते. "एकदाच तोंड दाखव. मग देते."

"तोंड दिसलं की खो देता येत न्हाई. तुला म्हाईत हाय."

"मला तुझं तोंड आठवेना झालंय, माले."

"मला बी आठवंना झालंय माझं," मालन म्हणते. "तू नगं घाबरू. पाठ वळीखतीस न्हवं? लई झालं."

उत्कर्षा मूठ उघडू लागते. बोटं आखडलेली आहेत. एकेक सोडवावं लागतं, झोपलेल्या मुलाच्या हातून खेळणं काढावं तसं. इतके दिवस आत काय धरून ठेवलं होतं ते तिला पाहायचं आहे. आत नखांच्या खुणा आहेत. बाकी तळवा रिकामा.

ती तो त्या डागावर ठेवते.

काहीच होत नाही.

"आवाज कुठाय?" मालन कुजबुजते. "हात लावायचा आणि बोलायचं, संगंसंगं. फाऊल केलास बघ. इतक्या वर्सांनी."

उत्कर्षा श्वास घेते. हळद आत जाते, घसा चरचरतो, आणि त्या चरचरण्यातून तो शब्द बाहेर पडतो. तिने आयुष्यात उच्चारलेल्या शब्दांपैकी हाच सर्वांत जास्त वेळा उच्चारला असेल.

"खो."

तळव्याखाली क्षणभर एक पाठ आहे: ऊब आहे, घामाने भिजलेलं कापड आहे, त्याखाली ताठ झालेला कणा आहे. आणि मग तळव्याखाली काही नाही. मालन सुटली आहे. वेणी जर्सीतून निसटून एकदा हवेत उडते. तिने उजवी दिशा घेतली आहे, आणि उठलेल्या माणसाने एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नसतं. हा नियम दोघींना शाळेपासून पाठ आहे. उत्कर्षा तरीही वाट पाहते. मालन पहिल्यापासूनच नियम मोडणारी. एखादे वेळी मोडेल. ती मोडत नाही. धूळ उठते, धुळीत पिवळा ठिपका लहान होत जातो, मोहरीएवढा होतो. या वेळी तो विझताना दिसत नाही. फक्त नजर पुरत नाही.

खो देणाऱ्याने रिकाम्या झालेल्या जागी बसायचं असतं. उत्कर्षा बसते. मुरूम गरम आहे. दोन तळव्यांच्या खोलगट खुणा आहेत, आणि तिचे तळवे त्यांत बसतात. थोडे मोठे होतात, पण बसतात. समोर मालनला इतके दिवस जे दिसत होतं ते आता तिला दिसतं. त्यांचंच मैदान आहे, संध्याकाळ आहे, सराव चालू आहे. मूठ मिटलेली एक मुलगी भरधाव येते, हात वर करते आणि निघून जाते. पुन्हा येते, पुन्हा निघून जाते. चौकात बसलेल्या माणसाला मागून येणारी पावलं जमिनीतून कळतात. दर वेळी सगळं अंग तयार होतं, दर वेळी पावलं पुढे जातात, आणि ते तयार झालेलं अंग तसंच परत आपल्या आत ठेवावं लागतं. उत्कर्षाच्या पोटऱ्या दुखू लागतात. तिला त्या मुलीला हाक मारायची आहे. बसलेल्याने हाक मारायची नसते.

"उत्के. उत्के, ऊठ."

ठोका थांबलेला आहे. पंखा पुन्हा पंखा झाला आहे. खिडकीतून तिरपं ऊन वळकटीवर आलं आहे. करिष्मा खाटेशी उभी आहे. तिने सरावाचे कपडे घातले आहेत, पांढरी जर्सी, धुऊन कडक झालेली.

"मॅडम कवाच्या मैदानावर गेल्यात. आज बोलायचंय. चल." मग ती उत्कर्षाच्या हाताकडे बघते. "जेवून हात धुतला न्हाईस व्हय?"

उजवा हात उशीखालून बाहेर आलेला आहे. तो उघडा आहे. तळवा पिवळा आहे. रेषारेषांतून दाट, बोटांच्या पेरांवर फिका, ओल्या हळदीवर दाबल्यासारखा.

"आज तर खिचडी हुती," करिष्मा म्हणते. तिचं तिलाच ऐकू येतं, आणि ती थांबते. उपवासाच्या खिचडीत हळद नसते. दोघी त्या हाताकडे पाहतात. करिष्मा दाराशी जाते, उंबऱ्यापाशी खाली बसते आणि बूट ओढते.

उत्कर्षा कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडते. पाणी पडत राहतं. ती हात त्याच्याखाली नेत नाही. नळ बंद करते.

"एक सांगू?" करिष्मा दाराकडे तोंड करून बोलते. नाडी बांधण्यात तिचं लक्ष आहे, किंवा तसं दाखवणं आहे. "मला त्या चौकात बसायची हौस नव्हती. मॅडमनी बसवलं म्हणून बसले. रोज वाटतंय, आता देशील, आता देशील. नसंल द्यायचा तर आज सांगून टाक. मी मॅडमना म्हणते, मला दुसरीकडं बसवा."

उत्कर्षा तिच्या मागे येऊन उभी राहते. गुळगुळीत झालेलं ते चौथं वाक्य ती जिभेवर शोधते. ते तिथे आहे, पण आज सरकत नाही. त्याला कुठेतरी कड फुटली आहे. समोर पांढरी पाठ आहे. मालनच्या पाठीपेक्षा अरुंद, किंचित वाकलेली, श्वासागणिक वरखाली होणारी. आत कणा आहे. ती वाट पाहते आहे.

उत्कर्षा वाकते. तळवा त्या पाठीवर ठेवते, दोन खांद्यांच्या मधोमध.

"खो," ती म्हणते. आवाज फार मोठा नाही, पण स्पर्शाबरोबर येतो.

अंगाला सवय असते. करिष्मा विचार करण्याआधीच उठलेली आहे, उंबरा ओलांडून व्हरांड्यात पोचली आहे, एका बुटाची नाडी सुटी, फरशीवर फटफट वाजणारी. जिन्याशी तिची पावलं अडखळतात. आता ती वळेल असं वाटतं. ती खांद्यावरून फक्त एवढंच म्हणते, "ये मागनं," आणि तोंड न फिरवता जिना उतरू लागते. पांढऱ्या जर्सीवर पाच बोटांचा पिवळा हात पायरीपायरीने खाली जातो आणि वळणावर दिसेनासा होतो.

उत्कर्षा उंबऱ्यापाशी, करिष्मा बसली होती त्या जागी, क्षणभर बसते. फरशी अजून कोमट आहे.